वाण सुरू होत नाही

स्नेहलताबाईंनी सांगलीच्या मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या मुली आज मोठमोठ्या खुर्च्यांवर बसल्या आहेत, पण बाई समोर आल्या की त्या खुर्च्या आपोआप रिकाम्या होतात. रिक्षावाला असो की नगरसेवक, बाई कुणालाही झाडल्याशिवाय सोडत नाहीत. या नियमाला अख्ख्या जगात एकच अपवाद होता आणि तो म्हणजे आशुतोष. कारण तो त्यांचा जावई होता.

लग्नाला पाच वर्षं झाली, पण बाई त्याच्याशी थेट बोलत नसत. आता तर त्या तीन महिन्यांसाठी आयर्लंडमधल्या ॲथलोनला लेकीकडे आल्या होत्या, म्हणजे एकाच छपराखाली होत्या, तरी कारभार तोच. "चैत्राली, विचार त्यांना, चहा घेणार का." 'ते' दोन हातांच्या अंतरावर, सोफ्यावर बसलेले. ते म्हणायचे, "हो." मग चैत्राली म्हणायची, "हो म्हणतोय गं आई, तुला ऐकू आलं ना?" कप विसळायला आशुतोष उठला, तर गच्चीवरून उडी मारायला निघाल्यासारखं बाई त्याला अडवायच्या आणि कप हिसकावून घ्यायच्या. जावयाला काम सांगायचं नाही, जावयाला नाव ठेवायचं नाही आणि जावयाच्या ताटातलं काही संपू द्यायचं नाही, ही त्यांची तीन प्रमेयं.

बाहेरच्याला वाटेल, काय नशीब काढलंय! पण आशुतोषची आई तो कॉलेजात असतानाच गेली होती. घरात आपल्यावर ओरडणारं माणूस असणं ही काय चैन असते, हे ज्याचं गेलं त्यालाच कळतं. बाई शेजारच्या आयरिश आजोबांना कुंपणावरून "कचऱ्याचा डबा असा उघडा ठेवतात होय!" म्हणून मराठीत झापायच्या आणि ते आजोबा हसत हसत झाकण लावायचे, तेव्हा आशुतोषला चक्क त्या आजोबांचा हेवा वाटायचा. या बाईंनी एकदा तरी आपल्याला असं झापावं, एवढीच त्याची इच्छा होती.

पण झापायचं तर माणूस खराखुरा ठाऊक हवा, आणि इथे एक भानगड होती. लग्न ठरलं तेव्हा आशुतोष पुण्यात मॅनेजर होता. पुढे चैत्रालीला ॲथलोनच्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात नोकरी लागली, तिच्यामागून हा आला आणि मिळाली ती नोकरी धरली. ती 'टर्लो' नावाच्या कॉम्प्युटर कंपनीच्या मदतकेंद्रात, कानाला हेडफोन लावून. "मशीन सुरू होत नाही," असं कुणी म्हणालं की "प्लग लावलाय का?" हा पहिला प्रश्न त्याचा. काम त्याला आवडायचंही. मात्र सांगलीला कुणी हे कळवलंच नाही. सांगलीच्या लेखी तो 'टर्लो'तही मॅनेजरच होता, आणि एव्हाना भाचेमंडळींमध्ये त्याच्या हाताखाली दोनशे माणसंही झाली होती.

यंदा अधिक महिना आला. अधिक महिन्यात लेक-जावयाला वाण द्यायचं असतं, तेहतीस अनारसे आणि वर काहीतरी भेटवस्तू. बाईंनी तांदूळ भिजवले, कुटले, गूळ घालून पीठ केलं आणि ते मुरवायला ठेवलं हॉट प्रेसमध्ये. हॉट प्रेस म्हणजे इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती असतं ते टॉवेल वाळवायचं कपाट. आयर्लंडला आल्यापासून बाईंना मनापासून पटलेली ही एकच गोष्ट होती. "अनारशाच्या पिठासाठीच बांधलंय गं हे," असं त्या म्हणायच्या आणि कुणालाही त्याचं दार उघडू द्यायच्या नाहीत.

त्याला कारण होतं. पिठाच्या डब्यामागे, टॉवेलांच्या खाली, नवाकोरा लॅपटॉप दडवलेला होता.

बाईंनी तो एकट्यानं, गावातल्या दुकानात चालत जाऊन घेतला होता. लेकीलाही सांगितलं नव्हतं, कारण तिच्या पोटात नवऱ्यापासून काही राहत नाही असा त्यांचा अनुभव. दुकानदारानं चार कंपन्यांचे दाखवले. बाईंनी 'टर्लो'च घेतला. जावयाच्याच कंपनीचा माल जावयाला, यात त्यांना मान दिसला. हलवायाला पेढे देण्याचा हा प्रकार आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

आणि मग, वाण द्यायच्या दोनच दिवस आधी, शुक्रवारी सकाळी, आशुतोषच्या हेडफोनमध्ये फोन वाजला.

"गुड मॉर्निंग. आय ॲम स्पीकिंग फ्रॉम ॲथलोन. युवर मशीन इज नॉट ओबेइंग."

बाईंचा आवाज ओळखायला आशुतोषला वेळ लागला नाही, आणि पडद्यावरचा नंबर तर त्यानंच त्यांना घेऊन दिलेल्या सिमचा होता. त्यानं शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे निमिष बसायचा, नागपूरचा. फोन त्याच्याकडे ढकलावा म्हटलं, तर निमिष कुणा आजींना प्रिंटरमध्ये कागद कसा घालायचा ते तिसऱ्यांदा सांगत होता, आणि त्याचा चेहरा पाहता चौथी खेपही होणार होती.

आशुतोषनं घसा खाकरला आणि जमेल तेवढ्या आयरिश सुरात, इंग्रजीत विचारलं, "मशीनच्या खाली एक स्टिकर असेल, त्यावरचा नंबर वाचाल का, मॅडम?"

"वन मिनिट," बाई म्हणाल्या, आणि मग स्वतःशीच, मराठीत, "मेला चष्मा कुठं गेला आता?"

"कपाळावर असेल," आशुतोष म्हणाला.

म्हणून गेला आणि जीभ चावली. पण बाण सुटला होता. पलीकडे चष्मा खाली ओढल्याचा आवाज, मग बाईंचा वर्गातला सूर.

"कोण रे तू? मराठी बोलतोस?"

काहीतरी बोलणं भाग होतं. आशुतोषनं डोळे मिटले आणि दोन वर्षं शेजारून कानावर पडलेलं सगळं नागपूर एकदम तोंडातून बाहेर काढलं. "हाव ना जी, आई. निमिष बोलून राहिलो मी, नागपूरचा. आमची आईबी चष्मा असाच ठेवते ना जी, म्हणून म्हटलं."

शेजारी खऱ्या निमिषनं मान वळवली आणि प्रिंटरवाल्या आजींना तो क्षणभर विसरलाच.

बाईंनी मात्र आवाज ओळखला नाही. ओळखणार कसा? पाच वर्षांत त्यांनी जावयाच्या तोंडून 'हो', 'नको', 'पुरे' आणि 'छान झालंय' यापलीकडे काही ऐकलंच नव्हतं. सलग वाक्य बोलणारा आशुतोष त्यांना परकाच होता.

"बरं झालं बाई," त्या सुटकेनं म्हणाल्या. "आता नीट ऐक. मध्ये बोलायचं नाही. हा कॉम्प्युटर मी नवा घेतला. आतली ती सिस्टिम घालूनच देतात म्हणाला दुकानवाला. सुरू केला तर म्हणतो, ॲक्टिव्हेट करा, कोड द्या. मी सिस्टिमवाल्या कंपनीला फोन केला. ते म्हणाले, मशीनमधून आलीय ना, मग मशीनवाल्यांना विचारा. म्हणजे मुलगी दिली, आता सासरच्यांनी बघून घ्यावं, तशातली गत. तर तुम्ही सासरचे. बोल."

"कोड खालच्या स्टिकरवर असते ना, आई."

"असेल. पण त्यावर स्वस्तिक आहे."

"काय आहे?"

"स्वस्तिक. ओल्या कुंकवाचं. पूजा केल्याशिवाय यंत्र सुरू करतात होय कुणी? पालथं केलं, तर तेवढाच एक चौकोन पांढरा होता. मला वाटलं, त्यासाठीच सोडलाय."

आशुतोषनं तोंडावर हात दाबला. 'टर्लो'च्या मदतकेंद्रात चहा सांडलेली यंत्रं आली होती, कुत्र्यानं चावलेली आली होती, एक तर शॅनन नदीत पडून आलेलं. पण पूजा झालेलं हे पहिलंच. तो म्हणाला, "मंग खोबरेल तेलाच्या बोळ्यानं हळूच पुसून घ्या ना जी."

"पुसून? अधिक महिन्यात? जावयाच्या वाणावरचं स्वस्तिक पुसू? शिकलेला आहेस ना?"

आशुतोषला झापलं गेलं होतं. पाच वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं फुकटात, नागपूरच्या नावावर पदरात पडलं. त्याला इतकं बरं वाटलं, की पुढचा प्रश्न काय विचारायचा तेच तो विसरला. मग पडद्यावरच्या नियमानं आठवण करून दिली.

"एक अडचण आहे, आई. मालकाशी बोलल्याबिगर कोड देता येत नाही. मालक कोण?"

"आमचे जावई."

"मंग त्यांनाच फोन करायला लावा लागते ना जी."

"जावयाला?" बाईंचा आवाज चढला. "जावयाला फोन करायला लावू, की बाबा रे, तुझंच वाण तूच सुरू करून घे? आणि मोठे मॅनेजर आहेत ते, तुमच्याच कंपनीत. आशुतोषराव. ओळखतोस?"

"पाहिलं आहे," आशुतोष म्हणाला. "आरशा... आपलं, लिफ्टमध्ये. बरं, मालक लायनीवर हजर आहे असं धरून चालतो मी."

"असं कसं धरतोस? नियम तो नियम."

"माझ्यावर सोडा ना जी."

मग त्यानं यंत्र बंद करवलं, वरच्या ओळीतली दुसरी कळ दाबून ठेवून परत सुरू करवलं, आणि पडद्यावर उमटलेला यंत्राचा नंबर बाईंनी खणखणीत वाचून दाखवला. त्यावरून कोड शोधून तो एकेक अक्षर सांगू लागला. बाईंनी प्रत्येक अक्षर लिहून घेतलं आणि शेवटी त्यालाच सगळा कोड पुन्हा म्हणायला लावला, पाठ झालाय की नाही हे तपासायला. कोड बसला. सिस्टिम जागी झाली. तिनं मालकाचं नाव विचारलं, बाईंनी 'श्री. आशुतोषराव' असं सावकाश लिहिलं. मग सुरक्षेचा प्रश्न आला, मालकाचा आवडता पदार्थ.

"अळूची भाजी," बाई ताबडतोब म्हणाल्या.

आशुतोषला अळू अजिबात आवडत नव्हतं, घसा खवखवायचा. पहिल्या दिवाळसणाला तो भिडेनं 'छान झालंय' म्हणाला, आणि तेव्हापासून बाई जिथे असतील तिथे अळू असायचंच. इथे तर त्या ब्लँचर्डस्टाउनच्या भारतीय दुकानातून गोठवलेली पानं मागवायच्या.

"खरंच आवडते काय त्यांना?" त्यानं धीर करून विचारलं.

"तीनदा घेतली होती."

"तुम्ही वाढली असेल ना जी."

बाई बोलल्या तेव्हा आवाजातला वर्ग सुटला होता.

"असेलही रे. मला काय ठाऊक? पाच वर्षांत मी त्यांना धड एक प्रश्न विचारला नाही. तुझ्याशी बोलले तेवढंसुद्धा बोलले नाही."

"काऊन बरं?"

"भीती वाटते," त्या म्हणाल्या. "एकुलती एक पोर इतकी लांब दिली. माझं तोंड हे असं, फटकळ. एखादा शब्द वावगा गेला, त्यांच्या मनाला लागला आणि इथं हिला भोगावं लागलं, तर मी सांगलीहून काय करणार? म्हणून आपलं तोंड बंद. त्यापेक्षा वाढत राहावं. आमच्या आईनंही तेच केलं. जावई देव असतो म्हणतात, पण देवाची कुणाला एवढी भीती वाटते का रे?"

आशुतोषला इतकी वर्षं वाटत होतं, बाई आपल्याला परका मानतात. त्या घाबरतात हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आत्ताच्या आत्ता सांगून टाकावं की आई, मीच आहे. पण मग पुढचंही आलं, की मॅनेजरबिनेजर कुणी नाही, मी हा फोनवरचा. ते काही जिभेवर येईना. तो एवढंच म्हणाला, "चांगले असतील ना जी ते. बोलून पाहा एकडाव."

"तू गप्प बस," बाई नाक ओढून म्हणाल्या. "जेवलास का? आवाज बसलाय तुझा. आलं चघळ."

फोन ठेवल्यावर त्याचा साहेब डेक्लन येऊन उभा राहिला. "एका ॲक्टिव्हेशनला पाऊण तास?"

"माझी सासू होती," आशुतोष म्हणाला.

डेक्लननं एकदा त्याच्याकडे पाहिलं, खांद्यावर हात ठेवला, "यू'र ग्रँड, यू'र ग्रँड," म्हणजे इथल्या भाषेत 'काही हरकत नाही', असं म्हणाला आणि न मागता त्याला सुटी देऊन टाकली.

त्या संध्याकाळी घरी आशुतोष जे 'हो' आणि 'नको' एवढंच बोलायचा, तेही आवाज ओळखू येऊ नये म्हणून बारीक आवाजात बोलू लागला. जेवताना बाई अचानक म्हणाल्या, "चैत्राली, विचार गं त्यांना. अळू खरंच आवडतं का?"

संधी चालत ताटापर्यंत आली होती. आशुतोषनं बाईंकडे पाहिलं, अळूकडे पाहिलं, आणि सवयीनं त्याचा घात केला. "हो," तो म्हणाला. बाईंनी समाधानानं आणखी एक डाव वाढला.

रविवारी वाण झालं. पाट नव्हता म्हणून बागेतल्या बुटक्या स्टुलावर जावयाला बसवलं. ओवाळलं. तुपात तळलेले, खसखस लावलेले तेहतीस अनारसे ताटात आले, आणि मग हॉट प्रेसमधून टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप आला. बाईंनी तो स्वतः उघडला. पडद्यावर 'श्री. आशुतोषराव' उमटलं. चैत्राली "अगं आई!" म्हणून ओरडली, आणि आशुतोषनं पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं तोंड केलं, ते बरंचसं जमलं.

"आणखी एक," बाई लेकीकडे पाहत म्हणाल्या आणि ओट्यावरचा एक डबा घेऊन आल्या. "हे त्यांच्या ऑफिसात द्यायचेत म्हणावं. निमिष म्हणून एक मुलगा आहे फोनवर, नागपूरचा. त्यानं सगळं सुरू करून दिलं. काय गोड बोलतो! कामात चोख. लोक मॅनेजर मॅनेजर म्हणून मिरवतात, पण मी सांगते, हा असा अडल्यानडल्याला धरून शेवटापर्यंत नेणारा माणूस सापडत नाही. त्यांना सांग, मॅनेजर आहेत ना ते, त्या पोराची बढती करा." आणि मग डब्याच्या झाकणावरून हात फिरवत हळूच, "त्याच्याशी बोलताना वाटलं गं, की जावयाशी असं बोलता आलं असतं तर."

चैत्राली 'मॅनेजर' ऐकून जमिनीकडे बघू लागली. आशुतोष स्टुलावर बसला होता, कपाळावर कुंकू, ताटात तेहतीस अनारसे. त्याच्या लक्षात आलं, की ज्या माणसाला आपण इतके दिवस लपवून ठेवलं, तोच या बाईंना आवडलाय. आता गप्प बसलं तर आपल्यासारखे गाढव आपणच.

"तो मीच होतो ना जी, आई," तो म्हणाला.

चैत्रालीनं झटकन मान वर केली.

"मी मॅनेजर नाही. इथं आल्यापासून मी फोनवरच आहे. शुक्रवारी तुमचा फोन मीच घेतला. आणि आई," तो आता स्वतःच्या आवाजात आला होता, "चैत्रालीला काही भोगावं लागणार नाही. कधीच नाही. तुम्ही माझ्यावर खुशाल ओरडा."

बाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. फोनवर आपण काय काय बोललो ते त्या आठवून पाहत होत्या, असं स्पष्ट दिसत होतं. शेवटी त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, थेट, पाच वर्षांत पहिल्यांदा.

"अळू?"

"नाही आवडत."

"मग परवा हो का म्हणालास?"

"भीती वाटली."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पदराच्या एका फटकाऱ्यात निपटलं आणि डब्याकडे बोट केलं. "तो खरा निमिष कुणी असेल तर डबा त्याला दे. त्याचं नाव वापरलंस. आणि ऊठ. कढई तशीच पडलीय ओट्यावर. तूप थिजायच्या आत घासून टाक."

"आई!" चैत्राली किंचाळली. "जावयाला? अधिक महिन्यात?"

"जावयाचं वाण देऊन झालंय माझं," बाई म्हणाल्या. "हा फोनवरचा मुलगा आहे. आणि धादांत खोटं बोललाय. म्हणे नागपूरचा!"

आशुतोष उठला. बाह्या सारल्या, कढत पाणी सोडलं आणि घासणी घेतली. बाई त्याच्या मागोमाग येऊन उभ्या राहिल्या, हात कमरेवर.

"कडेला राहिलंय. तिथं नव्हे, कडेला! ही काय घासायची पद्धत झाली? थांब, नीट बघू दे मला. चष्मा कुठं गेला माझा?"

"कपाळावर," आशुतोष मागे न वळता म्हणाला.